कोनित्सा आणि आजूबाजूची डोंगरी गावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडून ग्रीसला जाणारे बहुतेक जण अथेन्स आणि एखाद-दोन बेटं पाहून परततात. वायव्येच्या इपिरस प्रांताकडे कुणी फारसं वळत नाही. जे वळतात तेही योआनिना शहरात उतरतात, भाड्याच्या गाडीने एका दिवसात पाच-सहा गावांत फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. अशाने दगडी घरं दिसतात, गाव दिसत नाही.

माझा सल्ला वेगळा आहे. योआनिनाच्या उत्तरेला ६४ किलोमीटरवर, अल्बेनियाच्या सीमेजवळ कोनित्सा नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे. मुक्काम तिथे करा. पिंडोस पर्वतातल्या कितीतरी गावांना औषध, बँक, पेट्रोल, खिळे, बियाणं, दाताचा डॉक्टर, सगळ्यासाठी इथेच उतरून यावं लागतं. त्या गावांचं आयुष्य ज्या बाजाराला बांधलेलं आहे तो बाजार आधी बघितला, की वरची गावं नीट कळतात. निदान चार रात्री हाताशी ठेवा. त्याहून कमी दिवस असतील तर गावं कमी करा, कोनित्सा कमी करू नका.

१. आधी महिना ठरवा

मेचा उत्तरार्ध ते जून अखेर, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ सर्वांत चांगले. जूनमध्ये डोंगर हिरवे असतात आणि नद्या भरून वाहतात. ऑक्टोबरच्या शेवटी जंगलाचे रंग बदलतात. तेव्हाही जाता येतं, पण पावसाची तयारी हवी. पिंडोसचे हे उतार ग्रीसमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांत मोडतात, त्यामुळे "ग्रीस म्हणजे ऊन" या समजुतीने बॅग भरू नका. उन्हाळ्यातसुद्धा दुपारनंतर उंचावर विजांचा पाऊस येतो.

हिवाळ्यात बर्फ पडतं. गाडीत चाकांच्या साखळ्या लागतात आणि उंचावरची काही गावं जवळजवळ रिकामी होतात. पहिल्या खेपेला तो काळ टाळा.

ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीखही पाहून ठेवा. ती आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरशी बरेचदा जुळत नाही: २०२६ मध्ये १२ एप्रिल, २०२७ मध्ये २ मे. त्या आठवड्यात शहरात राहणारी मुलं-नातवंडं गावी परततात, खोल्या आधीच भरतात आणि दुकानं दोन-तीन दिवस बंद राहतात.

२. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं, म्हणून दोन-अडीच महिने आधी हालचाल सुरू करा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाखर्च वेगळा.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध, १० वर्षांच्या आत काढलेला, २ कोरी पानं असलेला
- किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. डोंगरातल्या पायी वाटा आणि बचावकार्य त्यात धरलंय का, हे पॉलिसीत वाचून घ्या. स्वस्त पॉलिसीत ठरावीक उंचीच्या वर भरपाई मिळत नाही
- मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आरटीओकडून नमुना ४-अ भरून मिळतो आणि वर्षभर चालतो
- गाडी चालवणाऱ्याच्याच नावावरचं क्रेडिट कार्ड. भाड्याच्या गाडीची अनामत त्यावरच अडकवतात, डेबिट कार्ड बरेचदा नाकारतात
- मुक्कामाच्या नोंदणीच्या छापील प्रती

इथे एक मोठा सापळा आहे. कोनित्साहून मेर्त्सियानीची सीमाचौकी अगदी जवळ आहे आणि पलीकडचं अल्बेनिया खुणावतं. अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही. तुमच्या व्हिसावर एकदाच प्रवेश असेल, तर सीमा ओलांडली की परत ग्रीसमध्ये येता येणार नाही. तिकडे जायचा विचार असेल तर अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि अल्बेनियाचे स्वतःचे नियम वेगळे तपासा. सीमेकडच्या रस्त्यांवर पोलीस गाडी थांबवून कागद बघतात. पासपोर्ट खोलीवर ठेवून फिरू नका.

३. कोनित्सापर्यंत

अथेन्सहून योआनिनाला विमान आहे, पण मी बस किंवा गाडी सुचवेन. २००४ मध्ये खुला झालेला रियो-अंतिरियोचा पूल ओलांडताना समुद्र खाली दिसतो, आणि पुढचा महामार्ग २०१७ मध्ये पूर्ण झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. बसला साधारण सहा-साडेसहा तास लागतात. अथेन्समध्ये लांब पल्ल्याची दोन बसस्थानकं आहेत, किफिसू आणि लिओसियोन. योआनिनाची बस किफिसूहून सुटते. टॅक्सीवाल्याला नाव स्पष्ट सांगा.

योआनिनाहून कोनित्साची बस दिवसातून मोजक्याच वेळा असते, शनिवार-रविवारी आणखी कमी. मुक्काम शनिवारी संध्याकाळी सुरू होणार असेल तर शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर एक रात्र योआनिनात काढा. ते शहरही तळ्याकाठी सुंदर आहे. संध्याकाळ वाया जाणार नाही.

वाटेत काल्पाकी लागतं. १९४० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अल्बेनियातून आलेल्या इटालियन फौजेला ग्रीक सैन्याने याच पट्ट्यात थोपवलं. तिथलं छोटं युद्धसंग्रहालय अर्ध्या तासात बघून होतं, आणि वरच्या गावांतल्या स्मारकांवरची नावं वाचताना त्याची आठवण येते.

४. गाडी हवीच का?

फक्त कोनित्सा, तिथला दगडी पूल आणि नदीची घळ बघायची असेल तर नको. वरच्या गावांत जायचं असेल तर हवी, कारण तिकडे बस आठवड्यातून कधीतरीच जाते. दुसरा पर्याय म्हणजे कोनित्सातली टॅक्सी. चौघं असाल आणि दोनच दिवस वर जायचं असेल तर टॅक्सी परवडते. भाडं आणि परतीची वेळ निघण्याआधीच पक्की करा.

गाडी घेणार असाल तर:

- आपोआप गिअरच्या गाड्या कमी असतात; महिनाभर आधी नोंदवा. वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि उजव्या बाजूची सवय, डाव्या हातावरचं स्टिअरिंग आणि घाट हे तिन्ही पहिल्याच दिवशी एकत्र नकोत. पहिला दिवस महामार्गावर घालवा.
- कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान, टायर, काच आणि गाडीचा तळ हे बऱ्याच विम्यांत धरलेलं नसतं. करारातलं ते कलम वाचा.
- टाकी कोनित्सातच भरा. वरच्या गावांत पंप नाहीत असंच धरून चला, आणि कोनित्सातलेही रात्री बंद होतात.
- नकाशा सांगतो त्या वेळेत दीडपट मिळवा. वळणावर शेळ्या, दरडीचे दगड, लाकडं भरलेला ट्रक, काहीही समोर येतं.
- अंधार पडायच्या आत परत या. पिंडोसमध्ये तपकिरी अस्वलं आहेत आणि रात्री ती रस्ता ओलांडतात.

५. बाजाराचं घड्याळ पाळा

नवख्या माणसाची सर्वांत जास्त फजिती इथे होते. ग्रीसच्या छोट्या गावांत दुकानं सकाळी साडेआठ-नऊला उघडतात आणि दुपारी दोन-अडीचला बंद होतात. मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी ती संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पुन्हा उघडून साडेआठपर्यंत चालतात. सोमवार, बुधवार आणि शनिवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. रविवारी बहुतेक सगळं बंद. सुपरमार्केट जास्त वेळ उघडं असतं, पण रविवारी त्याच्यावरही भरवसा नको. औषधाच्या दुकानांची आळीपाळी असते. त्या रात्री कुणाची पाळी आहे याची चिठ्ठी प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेली असते.

म्हणून कामं सकाळी उरका: पैसे काढणं, औषध, पेट्रोल, पाव, फळं. शनिवारी दुपारी पोचणार असाल तर रविवारचं खाणं वाटेतच घ्या. वरच्या गावांत एटीएम शोधत फिरू नका. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी लहान नोटा खिशात असू द्या, कारण डोंगरात नेटवर्क गेलं की कार्डाचं यंत्रही थांबतं.

दुपारी तीन ते साडेपाच ही शांततेची वेळ. या वेळेत कुणाच्या दाराची घंटा वाजवू नये, मोठ्याने बोलू नये, यजमानांना फोन करू नये. मुक्कामावर पोचण्याची वेळ नेमकी हीच येत असेल तर आधी कळवा.

आता सकाळचा बाजार कसा बघायचा, ते. नऊच्या सुमारास चौकात जा आणि काफेनिओमध्ये, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात बसा. आत शिरताना सगळ्यांना मिळून "कालिमेरा" (शुभ सकाळ) म्हणायचं; न बोलता कोपऱ्यात जाऊन बसणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. ग्रीक कॉफी मागताना साखर सोबतच सांगायची, कारण ती कॉफीबरोबरच उकळतात: स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. तळाला गाळ राहतो, तो प्यायचा नाही. बिल तुम्ही मागेपर्यंत कुणी आणत नाही, त्यामुळे एका कॉफीवर तासभर बसलात तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

तासभर बसाच. वरून उतरलेले पिकअप येऊन थांबतात. म्हातारी माणसं बँकेत, मग औषधाच्या दुकानात, मग लोखंडी सामानाच्या दुकानात जातात आणि शेवटी इथे येऊन टेकतात. कुठल्या गावात रस्ता खचलाय, कुठली खानावळ या आठवड्यात उघडी आहे, कुणाकडे मध तयार आहे हे सगळं या टेबलांवर कळतं. तोडकं-मोडकं इंग्रजी आणि हातवारे पुरतात. मुक्कामाच्या यजमानांना आठवडी बाजाराचा दिवस विचारा. त्याला तिथे "लाइकी" म्हणतात. त्या दिवशी डोंगरातला चहा, सुक्या शेंगा, अक्रोड आणि चीज घेऊन ठेवा.

६. पहिला पूर्ण दिवस: पूल आणि घळ

कोनित्साच्या खालच्या अंगाला आओस नदी घळीतून मैदानात उतरते. पुढे अल्बेनियात तिचं नाव व्योसा होतं. घळीच्या तोंडावर एका कमानीचा दगडी पूल आहे. जवळच्याच पिर्सोयानी गावच्या झिओगास फ्रोंत्झोस या गवंड्याने तो १८७० च्या सुमारास बांधला. कमानीच्या पोटाला एक घंटा टांगलेली आहे. वारा घंटा वाजण्याइतका जोरात असेल तर पूल ओलांडायचा नाही, असा त्याचा संकेत. पुलावर चढताना दगड गुळगुळीत झालेले आहेत आणि कठडा अगदी बुटका आहे. लहान मुलांचा हात सोडू नका.

पुलापासून नदीकाठाने स्तोमिओच्या मठाकडे वाट जाते. जायला दीड-दोन तास, शेवटचा भाग चढाचा. मठात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. ऑर्थोडॉक्स चर्चने २०१५ मध्ये संत म्हणून जाहीर केलेले पाइसिओस लहानपणी कोनित्सात वाढले आणि पुढे काही वर्षं याच मठात राहिले. १२ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. त्या आसपास भाविकांची गर्दी असते आणि ऐन वेळी खोली मिळत नाही.

७. गावं: एका दिवशी एकच दिशा

*दक्षिणेला पापिंगो.* झागोरी भागात ४६ गावं आहेत आणि २०२३ मध्ये त्या भूप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कोनित्साहून सर्वांत सोयीचं म्हणजे पापिंगो. अरिस्ती गाव गेलं की रस्ता वोइदोमातिस नदी ओलांडतो आणि मग वळणावळणांनी वर चढतो. नदीचं पाणी काचेसारखं नितळ आहे, पण राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाने त्यात पोहायला बंदी आहे. पाण्यावर जायचं असेल तर अरिस्तीच्या पुलापासून क्लिदोनियापर्यंत राफ्टिंग होतं, नवख्यांनाही जमण्यासारखं. गाडी पापिंगोच्या बाहेरच लावा आणि आत चालत जा.

*उत्तरेला मास्तोरोखोरिया, म्हणजे गवंड्यांची गावं.* मला स्वतःला हा भाग झागोरीपेक्षाही जवळचा वाटतो आणि पर्यटक इथे फार कमी येतात. पिर्सोयानी, वुर्बियानी, मोलिस्ता, गानादिओ या गावांतले पुरुष वसंत ऋतूत टोळीने बाहेर पडायचे, दूरदूरच्या प्रदेशांत घरं, पूल, चर्च बांधायचे आणि थंडीच्या तोंडावर परतायचे. मालकाला कळू नये म्हणून आपसांत बोलायची त्यांची वेगळी बोलीही होती, कुदारितिका. भिंतीच्या कोपऱ्यांचे दगड नीट बघा. एखाद्या घरावर चेहरा किंवा बांधकामाचं सालही कोरलेलं सापडतं. इथे जेवायची सोय असेलच असं नाही. पाव, चीज, फळं कोनित्साहून घेऊन निघा. येताना वेळ उरला तर सीमेजवळच्या मोलिव्दोस्केपास्तोसचा मठ बघा.

*पूर्वेला स्मोलिकासच्या पायथ्याची गावं.* स्मोलिकास हे २,६३७ मीटर उंचीचं, ग्रीसमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. पालेओसेली, पादेस, दिस्त्रातो ही व्लाख समाजाची गावं आहेत. आपल्याकडचे धनगर पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन जसे मुलूख बदलतात, तसेच हे लोक उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात थेसलीच्या मैदानात असत. काही कळप अजूनही तसे जातात. ग्रीस, इटली आणि ऑस्ट्रियातल्या या हंगामी स्थलांतराची नोंद युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशात केली.

नावांचे घोटाळे आधीच माहीत असू द्या:

- पापिंगो दोन आहेत, मेगालो म्हणजे मोठं आणि मिक्रो म्हणजे छोटं. मध्ये साधारण दोन किलोमीटरचं अंतर आहे. वरच्या पायवाटा मिक्रो पापिंगोहून निघतात.
- द्राकोलिम्नी नावाची डोंगरमाथ्यावरची तळीही दोन आहेत, एक तिम्फीवर, एक स्मोलिकासवर. विचारताना डोंगराचं नाव जोडा.
- विसाव्या शतकात अनेक गावांची नावं सरकारने बदलली, पण लोक जुनंच नाव वापरतात. नकाशावर आगिया पारास्केवी असलेलं गाव बाजारात सगळे केरासोवो म्हणतात. शिवाय आगिया पारास्केवी नावाची गावं देशभर आहेत. फोनवर निवडताना कोनित्साजवळचंच निवडा.

८. शाकाहारी असाल तर

काळजी नको, थोडं नियोजन हवं. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान खानावळीत शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं मिळतात: फासोलादा हे पांढऱ्या राजम्याचं सूप, गिगांतेस म्हणजे मोठ्या दाण्याचा पांढरा राजमा, भरलेले टोमॅटो-मिरच्या, उकडलेली रानभाजी खोर्ता. संध्याकाळी बरेचदा फक्त भाजलेलं मांस उरतं. म्हणून मुख्य जेवण दुपारीच करा. रात्रीचं जेवण तिथे नऊनंतर सुरू होतं. सातला खानावळीत गेलात तर चूल पेटलेली नसते.

इपिरस हा पितांचा, म्हणजे भाजलेल्या खाऱ्या पायचा मुलूख. पालेभाजीची खोर्तोपिता, भोपळ्याची कोलोकिथोपिता हमखास मागा. झागोरीच्या आलेव्रोपितात अंडं असतं. "शाकाहारी" म्हटल्यावर कोंबडी किंवा मटणाचा रस्सा चालेल असं समोरच्याला वाटू शकतं, तेव्हा "निस्तिसिमो" विचारा, म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी-माकूळ असू शकतात. तेवढं विचारून घ्या. भरलेल्या टोमॅटोत खिमा आहे का हेही विचारा. काटेकोर शाकाहारींसाठी आणखी एक: पारंपरिक फेटा चीज कोकराच्या किंवा करडाच्या जठरातल्या पदार्थाने विरजतात.

वरच्या गावांतल्या खानावळी हंगामाबाहेर फक्त शनिवार-रविवारी उघडतात. सकाळीच फोन करा, म्हणजे तुमच्यासाठी काहीतरी टाकून ठेवतील.

९. पायी वाटा

मिक्रो पापिंगोहून आस्त्राकाच्या खिंडीतला निवारा १,९५० मीटरवर आहे. सुमारे १,००० मीटर चढ, तीन तास तरी लागतात. तिम्फीचं तळं तिथून आणखी तासाभरावर. त्याच दिवशी उतरायचं असेल तर सकाळी सातला निघा आणि दुपारच्या ढगांआधी माथा सोडा. निवारा साधारण मे ते ऑक्टोबर उघडा असतो. राहायचं असेल तर आधी नोंदवा. तळ्यात उतरू नका, तिथे अल्पाइन न्यूट नावाचे लहान उभयचर राहतात.

लागणारं सामान: घट्ट पकडीचे बूट (गावातल्या दगडी वाटाही पावसात निसरड्या होतात), पावसाचं जाकीट, जूनमध्येही एक गरम थर, दोन लिटर पाणी, विजेरी, फोनवर आधीच उतरवलेला नकाशा. आणीबाणीला ११२.

खरी काळजी घ्यायची ती मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांची. ती मोठी असतात आणि अस्वल-लांडग्यांवर धावून जायला तयार केलेली असतात. कळप दिसला की लांबून वळसा घाला. कुत्री धावून आली तर पळू नका, दगड मारू नका. उभे राहा, शांत आवाजात बोला आणि हळूहळू मागे सरका. मेंढपाळ बहुधा जवळच असतो, त्याला हाक मारा. सप्टेंबरच्या मध्यापासून जंगलात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला.

१०. पानिगिरीला बोलावलं तर

१५ ऑगस्टच्या आसपास गावोगावी पानिगिरी, म्हणजे जत्रा असते. चौकातल्या चिनाराखाली टेबलं मांडतात. क्लॅरिनेट, व्हायोलिन, लाउतो हे तंतुवाद्य आणि डफ वाजतात, पहाटेपर्यंत. सुरुवातीला बहुधा मिरोलोई, म्हणजे शोकाची संथ धून वाजते. त्या वेळी बोलू नका, टाळ्या वाजवू नका. नाचाच्या फेरात शिरायचं असेल तर शेवटच्या माणसाचा हात धरा. पुढचं टोक धरणारा मान्यवर असतो आणि बरेचदा वादकांना पैसे त्याच्या घरचे देत असतात. कुणी त्सिपुरो या कडक दारूचा पेला पुढे केला आणि तुम्ही पीत नसाल, तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणा. पाणी आणून देतात आणि तुम्हाला टेबलावरच ठेवून घेतात. या दिवसांसाठी खोली वसंतातच नोंदवायला हवी.

११. निघताना

परतीची बस रविवारी असेल तर तिकीट शनिवारी दुपारी दोनच्या आत काढा. पावसाळी दिवसांत गाडीने जाणार असाल तर घाटात दरड पडली आहे का ते सकाळी काफेनिओत विचारा. फोनच्या नकाशाला ते उशिरा कळतं. मध आणि डोंगरातला चहा विमानाच्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत मध अडवतात. विमान सकाळचं असेल तर आदली रात्र अथेन्समध्येच काढा. कोनित्साहून थेट विमानतळ गाठायच्या भानगडीत पडू नका.